रात्रीचा वारा आणि वनांतील वादळें

मनुष्य रात्रीला विसाव्याची वेळ मानतो, आणि निसर्गहि त्या वेळीं आपल्याबरोबर विसावत असेल अशी त्याची सहज समजूत असते. दिवसभर तापलेलें ऊन मावळलें, धुळीचे लोट उठविणारा वारा पडला, अंगणांतल्या कडुनिंबाचें पानहि हालेनासें झालें, म्हणजे आतां सकाळपर्यंत निश्चिंती आहे असें धरून तो बाज टाकून निजतो. ही समजूत पुष्कळदां खरी ठरते. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन वनमय जिल्ह्यांत चैत्र-वैशाखांतील एखाद्या रात्रीं ती अगदीं खोटी ठरते. मध्यरात्र उलटलेली असते, जमीन निवत चाललेली असते, खालीं वाऱ्याची झुळूकहि नसते. आणि तरीहि क्षितिजावर विजा लवूं लागतात, तास-दीड तासांत मेघ माथ्यावर येतात, आणि निजलेल्या माणसांना अंथरुणें गोळा करण्यासहि सवड मिळत नाहीं.

दिवसाच्या वादळाचें कारण शाळेंतल्या मुलालाहि सांगतां येतें. सूर्य जमीन तापवितो, जमीन हवेला तापविते, तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, वर गेल्यावर निवते, तिच्यांतील बाष्पाचे थेंब होतात आणि मेघ उभा राहतो. म्हणजे हवा उचलण्याचें मुख्य काम सूर्याचें. मग सूर्य नसतांना, जमिनीवरची हवा थंड व जड होऊन भूमीला चिकटून बसलेली असतांना, हें उचलण्याचें काम कोण करतो? ह्याचें उत्तर जमिनीवर शोधून सांपडत नाहीं. तें जमिनीपासून कांहीं शें मीटर उंचीवर, अंधारांत वाहणाऱ्या एका वेगवान वाऱ्यांत आहे.

येथें एक भेद प्रथमच लक्षांत घेतला पाहिजे. विदर्भांतील उन्हाळ्याचीं बहुतेक वादळें दुपारीं अथवा संध्याकाळीं उठतात व रात्रीं विरून जातात. रात्रीं गांवावर आलेलें प्रत्येक वादळ रात्रींच जन्मलेलें असतें असेंहि नव्हे. पुष्कळ वेळां तें दुपारीं दुसरीकडे उठून चालत आलेलें असतें. विचार करावयाचा तो ह्या दोहोंखेरीज उरणाऱ्या तिसऱ्या प्रकारच्या वादळाचा. तें सूर्यास्तानंतर कित्येक तासांनीं, निवलेल्या जमिनीवर नव्यानें जन्म घेतें, किंवा विझूं लागलेलें असतांना पुन्हां पेट घेतें. संख्येनें हीं वादळें थोडीं असतील; परंतु माणूस त्या वेळीं बेसावध असल्यामुळें त्यांचा उपद्रव मोठा.

हा उपद्रव कोणाला सोसावा लागतो, हें समजण्यासाठीं ह्या प्रदेशाकडे एकवार पाहिलें पाहिजे. पूर्वी हे दोन्ही जिल्हे मिळून एकच चांदा जिल्हा होता. १९६४ च्या सुमारास त्याचें नांव चंद्रपूर झालें, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्याच्या पूर्वेकडील भागाचा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. पश्चिमेकडून वर्धा आणि उत्तरेकडून वैनगंगा अशा दोन नद्या येऊन मिळतात; त्यांची प्राणहिता होते; आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. पूर्वेकडून बस्तरच्या डोंगराळ मुलुखांतून इंद्रावती येते. ह्या नद्यांमधील भाग म्हणजे ताडोब्याचें, आलापल्लीचें, भामरागडचें अरण्य. सागवान, मोह, तेंदू, ऐन आणि बांबू ह्यांनीं तें भरलेलें आहे, आणि त्याच्या आश्रयानें गोंड व माडिया लोकांचीं खेडीं वसलेलीं आहेत.

ह्या खेड्यांचा उन्हाळ्याचा संसार बराचसा उघड्यावर चालतो. मोहाचें फूल रात्रीं व पहाटे गळतें. तें वेंचण्यासाठीं बायका-मुलें उजाडण्यापूर्वींच टोपल्या घेऊन झाडाखालीं जातात. मोहाचा हंगाम सरतो न सरतो तोंच तेंदूपानांचा हंगाम येतो. दिवस उजाडतांना पानें तोडावयाचीं, दुपारीं घरीं बसून त्यांचीं पुडकीं बांधावयाचीं, आणि संध्याकाळीं तीं फळीवर, म्हणजे पानांच्या खरेदीच्या जागीं, नेऊन द्यावयाचीं. तेथें तीं उघड्या मैदानांत कित्येक दिवस उन्हांत वाळत पडलेलीं असतात. वाळतांना पाऊस लागला कीं पानावर डाग पडतात व त्याची किंमत जाते. वनहक्कांचा २००६ चा कायदा झाल्यानंतर गडचिरोलींतील अनेक ग्रामसभा पानांची विक्री स्वतःच करूं लागल्या. त्यामुळें भिजलेल्या पानांचा तोटा आतां पुष्कळ ठिकाणीं थेट गांवाच्याच पदरीं पडतो. वर्षभराच्या मीठ-मिरचीची, लुगड्यांची आणि मुलांच्या पुस्तकांची तरतूद त्या पानांवर असते. एका रात्रींच्या दोन घटकांच्या पावसांत ती वाहून जाऊं शकते. आणि वीज पडली तर मनुष्यच जातो.

आतां त्या वाऱ्याकडे वळावें. दिवसा सूर्यानें तापलेली हवा सारखी खालवर घुसळत असते. मे महिन्यांत विदर्भांत ही घुसळण दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत पोंचते. तिचा एक परिणाम असा होतो कीं, जमिनीवरील झाडें, टेकड्या, घरें ह्यांचा अडथळा केवळ खालच्या हवेलाच नव्हे, तर वरच्या हवेलाहि भोंवतो. वरची हवा खालीं येते, अडखळते, मंद होते. मंद झालेली हवा वर जाते व वरच्या वाऱ्याला मागें ओढते. अशा रीतीनें दिवसा सगळा जाड थर भूमीशीं जणुं सांखळीनें जखडलेला असतो.

सूर्य मावळला कीं ही घुसळण थांबते. जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून झपाट्यानें निवूं लागते, तिला लागून असलेली हवा निवते, आणि थोड्याच वेळांत एक विपरीत स्थिति उत्पन्न होते: खालीं थंड हवा व वर उबदार हवा. एरव्हीं उंच जावें तसें उष्णतामान उतरत जातें. येथें तो क्रम उलटतो. शास्त्रांत ह्याला तापमानाची विपरीतता म्हणतात. ती डोळ्यांनीं पाहावयाची असेल तर संध्याकाळीं एखाद्या खेड्याकडे दुरून पाहावें. चुलींचा धूर सरळ वर चढतो, घरांच्या वर थोड्या उंचीवर जाऊन थबकतो, आणि तेथून चादरीसारखा आडवा पसरतो. जेथें धूर थबकला तेथें थंड हवेचें छत आहे असें समजावें.

हें छत तयार होतांच वरची हवा खालच्या अडथळ्यांपासून मोकळी होते. आलापल्लीच्या जंगलांत सागवानाचा ओंडका ओढणाऱ्या बैलांची सांखळी एकाएकीं सुटावी आणि त्यांनीं झपाट्यानें पुढें धांव घ्यावी, तशी ती धांवूं लागते. खालीं, थंड थरांत, पान हालत नाहीं. आणि त्याच वेळीं तीनशें ते आठशें मीटर उंचीवर वारा ताशीं चाळीस, पन्नास, कधीं साठ किलोमीटर वेगानें वाहत असतो. निजलेल्या मनुष्याला त्याची दाद नसते. फार तर टेकडीच्या माथ्यावरील झाडांची सळसळ ऐकूं येते, आणि खोऱ्यांतल्या माणसाला तिचें नवल वाटतें.

ह्या वाऱ्याचा वेग इतका कां वाढतो, ह्याचा उलगडा अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड ब्लॅकॅडार ह्यांनीं १९५७ मध्यें केला. हवा नेहमीं जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाऊं पाहते. परंतु पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें उत्तर गोलार्धांत तिचा मार्ग उजवीकडे वळतो. दिवसा ह्या दोन प्रेरणांच्या जोडीला घर्षण ही तिसरी असते व तिघींचा एक तोल बसलेला असतो. संध्याकाळीं घर्षण गळून पडतें, आणि उरलेल्या दोघींचा नवा तोल लगेच बसत नाहीं. मागें ओढून सोडलेला झोपाळा मधल्या जागीं न थांबतां पलीकडे जातो. त्याचप्रमाणें वारा आपल्या तोलाच्या वेगावर न थांबतां त्यापुढें जातो, आणि रात्रभर हळूहळू उजवीकडे वळत राहतो. सूर्य उगवला, जमीन तापली, घुसळण सुरू झाली, कीं पुन्हां सांखळी पडते आणि झोत ओसरतो.

झोपाळ्याला एक फेरी पुरी करण्यास किती वेळ लागतो, हें त्याच्या दोरीच्या लांबीवर अवलंबून असतें. वाऱ्याच्या बाबतींत तें अक्षांशावर अवलंबून असतें. ध्रुवाजवळ ही फेरी सुमारे १२ तासांत पुरी होते. अमेरिकेंतील कॅन्सस संस्थान ३८ अंशांच्या आसपास आहे; तेथें ती २० तासांच्या आंतबाहेर होते. चंद्रपूर २० अंशांवर आहे, आणि तेथें तिला ३५ तास लागतात. म्हणजे चंद्रपूरचा झोपाळा लांब दोरीचा व सावकाश चालणारा. वैशाखांतील अकरा तासांच्या रात्रींत त्याची जेमतेम तिसरा हिस्सा फेरी होते. केवळ ह्या एका कारणाचा विचार केला तर, कॅन्ससमध्यें जो झोत मध्यरात्रीनंतर लवकरच भरांत येतो, तो ह्या प्रदेशांत पहाटेकडे झुकावयास हवा. परदेशांतील ठोकताळे जसेच्या तसे येथें लावणें म्हणजे दुसऱ्याच्या घड्याळावर आपली गाडी गांठण्यासारखें होय.

परंतु वारा कितीहि वेगानें आडवा वाहिला, तरी तेवढ्यानें मेघ उत्पन्न होत नाहीं. हवा वर चढली पाहिजे. आडव्या वाऱ्यांतून उभी चढण कशी निघते हा ह्या विषयांतील मुख्य मुद्दा आहे, आणि त्याला तीन वाटा आहेत.

पहिली वाट झोताच्या तोंडाशीं. वेगानें येणारी हवा पुढच्या मंद हवेवर जाऊन आदळते. जत्रेंत मागच्या गर्दीचा लोंढा पुढच्या संथ गर्दीवर आला म्हणजे माणसें दाटतात. हवाहि दाटूं पाहते. खालीं जमीन असल्यामुळें तिला उतरतां येत नाहीं. म्हणून ती वर जाते. झोताच्या कडेलाहि, वेगवान व मंद हवेच्या सीमेवर, हेंच थोड्या प्रमाणांत घडतें. दुसरी वाट थंड हवेच्या पाचरीवरून. डोंगरउतारावरून रात्रीं निवलेली हवा पाण्यासारखी ओघळून खोऱ्यांत सांचते. वरून येणारी उबदार, दमट हवा त्या सांचलेल्या थंड हवेवर उतरणीच्या रस्त्यावर चढावें तशी चढत जाते. तिसरी वाट लाटेची. संध्याकाळच्या एखाद्या दूरच्या वादळांतून थंड हवेचा लोंढा बाहेर पडतो, आणि तो रात्रींच्या थंड थरावर आपटला म्हणजे तळ्यांत धोंडा टाकल्याप्रमाणें त्या थरावरून लाट निघते. ती कित्येक कोस जाते व वाटेंत वरच्या हवेला उचलीत जाते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस कार्पेंटारियाच्या आखातावर अशाच जातीची लाट पहाटे लांबलचक वळकटीसारख्या मेघाच्या रूपानें दिसते. तिला तेथील लोकांनीं प्रभातशोभा अशा अर्थाचें नांव दिलें आहे.

ह्या वाटांपैकीं पहिल्या दोहोंची चढण अगदीं संथ असते. दुपारच्या मेघांत हवा सेकंदाला कित्येक मीटर वेगानें वर जाते. येथें ती सेकंदाला अवघे चार-पांच सेंटिमीटर चढते. मुंगीहि ह्याच्या आसपासच्या वेगानें चालते. परंतु ह्या संथ चढणीचें बळ तिच्या चिकाटींत आहे. सेकंदाला ५ सेंटिमीटर म्हणजे तासाला १८० मीटर. तीन तासांत ५४० मीटर. वर चढणारी कोरडी हवा दर किलोमीटरास सुमारे १० अंश सेल्सिअस निवते. म्हणजे तीन तासांत ती पांच अंशांहून अधिक निवली. बाष्पानें जवळजवळ भरलेल्या हवेला तेवढें निवणें पुरेसें होतें, आणि तिच्यांत थेंब धरूं लागतात. एक ग्रॅम बाष्पाचें पाणी होतांना सुमारे ६०० कॅलरी उष्णता बाहेर पडते. ती उष्णता हवेला अधिक हलकी करते, आणि येथून पुढें उचलणाऱ्याची गरज राहत नाहीं. मेघ आपल्याच बळावर दहा-बारा किलोमीटर उंच चढूं लागतो. रात्रींच्या वाऱ्यानें केवळ चूल फुंकली. जळण हवेंत आधींपासूनच होतें.

तें जळण म्हणजे बाष्प. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाट्याला तें बंगालच्या उपसागराकडून येतें. उन्हाळ्यांत उपसागरावर जास्त दाबाचें क्षेत्र असलें म्हणजे त्याच्या कडेनें दमट वारे आंध्र व तेलंगणाच्या बाजूनें आंत शिरतात. गोदावरीनें पूर्व घाट फोडून समुद्राकडे जी वाट काढली आहे, तिच्याच वरच्या टोंकाला सिरोंचा आहे. तेथून किनारा हवाई रेषेनें सुमारे ३०० किलोमीटर. ताशीं ३६ किलोमीटर वेगाचा वारा अकरा तासांत जवळजवळ ४०० किलोमीटर जातो. म्हणजे संध्याकाळीं किनाऱ्याजवळ असलेली हवा, वारा अनुकूल असेल तर, एका रात्रींत सिरोंच्याच्या पलीकडे येऊन पोंचूं शकते. त्याच वेळीं वायव्येकडून कोरडा, तापलेला वारा वरच्या थरांत येत असतो. दमट व कोरड्या वाऱ्यांची ही सीमारेषा उन्हाळ्यांत पुष्कळदां विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या अंतर्भागांतून दक्षिणेकडे गेलेली असते, आणि हवामानखात्याच्या पत्रकांत तिचा उल्लेख वारंवार येतो. वरची तापलेली कोरडी हवा खालच्या दमट हवेवर झांकणासारखी बसते. तें झांकण आहे तोंवर वाफ कोंडलेली राहते. रात्रींच्या वाऱ्याची संथ, चिवट चढण तें झांकण कोठें तरी एका ठिकाणीं उचलते, आणि मग मोकळा झालेला कोंडमारा वादळाच्या रूपानें बाहेर पडतो.

भूमीची ठेवणहि ह्याला साह्य करणारी आहे. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून १९० मीटरच्या आसपास. सिरोंचा त्याहूनहि सखल. आणि पूर्वेकडे बस्तरचें पठार, जेथें जगदलपूर सुमारे ५५० मीटरांवर आहे. आग्नेयेकडून येणाऱ्या हवेला एका बाजूस हें उंच पठार, समोर सूरजागड व भामरागडच्या टेकड्या, आणि खालीं नदीखोऱ्यांत सांचलेली थंड हवा, असे चढावाचे प्रसंग वाटेंत एकामागून एक येतात. अमेरिकेच्या मैदानावरील उताराचा रात्रींच्या झोताशीं असलेला संबंध जेम्स हॉल्टन ह्यांनीं १९६७ मध्यें गणितानें दाखवून दिला. उतारावरील हवा दिवसा तापते व रात्रीं निवते, त्यामुळें दाबाची मांडणीच रात्रंदिवस बदलत राहते, हें त्यांच्या विवेचनाचें सार.

रात्रींचा हा झोत आणि पावसाळ्यांतील प्रसिद्ध झोत ह्यांची मात्र गल्लत करूं नये. पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन ह्यांनीं १९६६ मध्यें असें दाखविलें कीं, जुलैमध्यें दक्षिण द्वीपकल्पावर सुमारे दीड किलोमीटर उंचीवरून पश्चिमेचा एक बळकट झोत वाहतो. तो मोसमी वाऱ्याचा कणा आहे. त्याचें कारण समुद्र व भूखंड ह्यांमधील दाबाचा मोठा फरक हें असल्यामुळें तो दिवसरात्र वाहतो. उन्हाळ्यांतील रात्रींचा झोत सूर्यास्ताबरोबर वाढतो व सूर्योदयाबरोबर ओसरतो. पहिला सबंध देशाला पाऊस देतो. दुसरा एखाद-दुसऱ्या तालुक्याची झोंप मोडतो.

अमेरिकेनें ह्या विषयाकडे विशेष लक्ष दिलें, कारण तेथील मध्यवर्ती मैदानांत उन्हाळ्याचा बराच पाऊस रात्रींच पडतो. १९६८ मध्यें विल्यम बॉनर ह्यांनीं दोन वर्षांच्या फुग्यांच्या नोंदी तपासून हे झोत कोठें व केव्हां अधिक आढळतात ह्याचा नकाशा केला; दक्षिणेकडील मैदानांत आणि पहाटेच्या नोंदींत ते सर्वांत अधिक आढळले. २०१५ मध्यें १ जून ते १५ जुलैपर्यंत कॅन्सस व आसपासच्या मुलुखांत विमानें, फिरतीं रडार-यंत्रें आणि फुगे ह्यांच्या साह्यानें शास्त्रज्ञांनीं रात्रीं जागून केवळ रात्रींच्या वादळांचा अभ्यास केला. त्यांतून एक गोष्ट ठळक झाली. अशीं पुष्कळ वादळें जमिनीवरच्या हवेवर पोसलेलीं नसतात. त्यांचें खाद्य वरच्या थरांतून येतें. म्हणून जमिनीवरचा उष्णतामापक आणि वातकुक्कुट ह्यांना त्यांची चाहूल फारशी लागत नाहीं.

हाच ह्या विषयाचा गाभा आहे, आणि धोकाहि येथेंच आहे. शेतकरी असो, वनमजूर असो किंवा शहरांतला गृहस्थ असो, तो वादळाचा अंदाज आपल्या अंगाला लागणाऱ्या हवेवरून बांधतो. उकाडा वाढला, वारा कोंदला, तर पाऊस येणार. हवा निवली, तर धोका टळला. दिवसा हा अंदाज बराच बरोबर येतो. रात्रीं मात्र अंगाला लागणारी हवा एका थराची असते आणि वादळ दुसऱ्याच थरांत शिजत असतें. खालची शांतता ही वरच्या शांततेची खूण नव्हे. उलट खालचा वारा पडला, म्हणूनच वरचा सुटला. निवांत रात्र आणि वेगवान झोत हीं एकाच कारणाचीं दोन फळें आहेत.

वरच्या वाऱ्याची खबर मिळविण्याचा जुना मार्ग फुग्यांचा. पूर्वी रात्रीं वारा मोजावयाचा असला म्हणजे फुग्याखालीं कागदी कंदील बांधीत, आणि तो लुकलुकता ठिपका दुर्बिणीनें न्याहाळीत वाऱ्याची दिशा व गति काढीत. आतां फुग्याबरोबर बिनतारी संदेश देणारें यंत्र जातें. नागपूरच्या वेधशाळेंतून असे फुगे सोडले जातात. जगांतील इतर केंद्रांप्रमाणेंच त्यांच्या ठराविक वेळा पहाटे साडेपांच व सायंकाळीं साडेपांच ह्या आहेत. सायंकाळच्या फुग्याच्या वेळीं झोत जन्मलेला नसतो. पहाटेचा फुगा जातो तेव्हां रात्र सरलेली असते. झोताची सारी वाढ ह्या दोन फुग्यांच्या मध्यें होते.

नागपूरला डॉप्लर रडारहि आहे. परंतु रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी गोल आहे. सिरोंचा नागपूरहून हवाई रेषेनें अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर. तेथें पोंचेपर्यंत किरण जमिनीपासून पांच-सहा किलोमीटर वर गेलेला असतो. त्याला वाढून उभा राहिलेला मेघ दिसतो, मेघाला उचलणारा खालचा वारा दिसत नाहीं. म्हणजे झाड दिसतें, बीं दिसत नाहीं. जमिनीवरून आकाशाकडे ध्वनि, प्रकाश किंवा बिनतारी लहरी सोडून डोक्यावरील पहिल्या दोन किलोमीटरांतील वारा रात्रभर मोजणारीं यंत्रें आज उपलब्ध आहेत. अशीं यंत्रें वैनगंगा-प्राणहितेच्या खोऱ्यांत असणें हा तेथील लोकांच्या दृष्टीनें चैनीचा प्रश्न नव्हे. कारण ज्या दोन-तीन तासांत वारा हवेला संथपणें वर ढकलीत असतो, तेच दोन-तीन तास पानें झांकण्यासाठीं व माणसांना सावध करण्यासाठीं हातीं असतात.

तोंपर्यंत डोळे आणि कान ह्यांवर भिस्त ठेवावी लागेल, आणि रात्रीं डोळ्यांची एक सोय आहे. गडगडाट साधारणतः पंधरा किलोमीटरांच्या पलीकडे ऐकूं येत नाहीं. परंतु अंधारांत विजेची चमक शंभर किलोमीटरांवरूनहि दिसूं शकते. नुसती चमक दिसते व आवाज नाहीं, तोंवर आवराआवर करण्यास वेळ आहे. चमक आणि गडगडाट ह्यांमधील सेकंद मोजून त्यांस तीननें भागावें. येईल तितके किलोमीटर वीज दूर. गडगडाट कानीं आला कीं उघड्यावर राहूं नये. एकाकी झाडाचा, विशेषतः मैदानांतील उंच मोहाचा आसरा घेऊं नये. पक्क्या घरांत जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें ‘दामिनी’ ह्या नांवाची सोय मोबाइलवर करून दिली आहे; जवळपास वीज पडत असल्यास ती इशारा देते. शहरांतील घरांना ती सहज उपयोगी पडेल. ज्या वनांतील खेड्यांत मोबाइलची लहर नीट पोंचत नाहीं, तेथें शाळेची घंटा किंवा गांवचा ढोल हेंच साधन. मात्र ती घंटा वाजविणारास वेळीं खबर मिळाली पाहिजे.

शहरांतील माणसाला एका रात्रींच्या वादळानें फार तर गच्चीवरचें अंथरूण उचलावें लागतें. वनांतल्या कुटुंबाचें अर्ध्या वर्षाचें उत्पन्न त्याच रात्रीं फळीवर उघडें पडलेलें असतें. पहाटे साडेपांचला नागपूरहून फुगा वर जातो आणि रात्रीं किती वेगाचा वारा सुटला होता तें अचूक सांगतो. त्या वेळीं प्राणहितेच्या कांठीं बायका भिजलेलीं पुडकीं उलगडून एकेक पान निवडीत बसलेल्या असतात. ही खबर त्यांना आदल्या रात्रीं दहा वाजतां मिळावयास हवी होती.